पहिले तीन नग

प्रेसवर नवी डाय चढली की पहिले तीन नग बद्रीनाथ खरात स्वतःच्या हाताने काढीत असे, आणि ते निघेपर्यंत त्या यंत्रापुढच्या स्टुलावर कोणी बसत नसे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. भिंतीवर सुरक्षिततेचे सतरा नियम तीन भाषांत रंगवून घेतले होते आणि त्यांच्याकडे पाठ करूनच सगळे डबा खात. हा अठरावा, न रंगवलेला नियम मात्र कोणी मोडीत नसे.

प्रेस म्हणजे पत्र्याला ठोका देऊन आकार देणारे यंत्र. माणसाने पत्र्याचा तुकडा आत, डायमध्ये म्हणजे साच्यात, ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचे. वरून साठ टनांचा दाब घेऊन रॅम, म्हणजे यंत्राचा लोखंडी ठोकळा, खाली येतो आणि तुकड्याचा ब्रॅकेट होतो. मग हात पुन्हा आत. दिवसाला अडीच हजार वेळा हात आत जातो आणि बाहेर येतो. एका दाबाला एक ठोका, एवढ्या एका भरवशावर हे सारे चालते. परंतु क्लचमधली चावी, म्हणजे ठोका सुरू-बंद करणारी लोखंडी खुंटी, झिजली की एखादी प्रेस न विचारता दुसराही ठोका देते. कामगार म्हणतात, ‘डबल मारते.’

म्हणून बद्रीनाथ आधी बाजूचे झाकण उघडून ती चावी बोटाने चाचपीत असे आणि मग चिमटा न घेता, उघड्या हाताने तीन नग काढीत असे. हे त्याला आप्पासाहेबांनी शिकवले होते. जिंतूरहून एकवीस वर्षांचा बद्रीनाथ पुण्याला आला, तेव्हा आप्पासाहेब तिथे फोरमन होते. “पहिल्या नगात डाय कळते. दुसऱ्यात क्लच कळतो,” ते म्हणाले होते.

“आणि तिसरा कशाला?”

“तिसरा तुझ्यासाठी नाही. जो बसणार आहे, त्याला तुझा हात आत गेलेला दिसू दे.”

शास्त्राच्या कसोटीवर ही परीक्षा अपुरीच होती. तीन ठोके नीट पडले म्हणून चौथाही नीट पडेल, असे कोठे सिद्ध होत नाही, आणि बद्रीनाथला हे कळत नव्हते असेही नाही. पण आप्पासाहेब निवृत्त झाल्यावर फोरमनकी त्याच्याकडे आली, आणि त्याने पाहिले की हुद्द्याचा कागद दाखवून जे काम होत नाही ते या तिसऱ्या नगाने होते. मुक्ताई पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हाचीच गोष्ट. प्रेसवर बसणारी ती तिथली पहिली बाई. हिंगोलीकडची, जिभेला धार. ती स्टुलापाशी येऊन उभी राहिली आणि बसेचना.

“बसा की, मुक्ताबाई,” कोणीतरी म्हणाले.

“तुम्हाला दहा बोटं हायत म्हणून म्हणता. मलाबी दहाच हायत.”

बद्रीनाथने झाकण उघडले, चावी चाचपली, तीन नग काढले आणि तिसरा, अजून ऊन असलेला, तिच्या तळहातावर ठेवला. मुक्ताईने तो उलटसुलट करून पाहिला. मग त्याचा हात पाहिला.

“बसते, बद्रीभाऊ. पण माझं बोट गेलं तर तुमचं घेईन.”

सगळा विभाग हसला. ती बसली, आणि चार वर्षे बसत राहिली.

गेल्या दिवाळीनंतर मालकांनी बद्रीनाथला उत्पादन व्यवस्थापक केले. मालक म्हणजे विश्वजीतराव. त्यांच्या आजोबांच्या उसाच्या फडावरच हा कारखाना उभा होता. नातू मात्र कर्वे रस्त्यावरच्या शाळेत शिकलेला आणि बोलण्यात तिथलाच. बावीस पायऱ्या चढून गेले की काचेची केबिन लागे. तिथून नऊच्या नऊ प्रेस दिसत.

“आता वरून बघायची सवय करा, खरात,” विश्वजीतराव म्हणाले. “हात काळे करायला मी तुमचा पगार वाढवलेला नाही. आणि खाली सगळ्यांना सांगा, यापुढे भाऊबीऊ नाही. साहेब म्हणायचं.”

खाली कोणी साहेब म्हटले नाही. शंभू वाकळे तर म्हणाला, “बद्रीभाऊ, आम्ही ज्या दिवशी साहेब म्हणू त्या दिवशी समजा, आपलं काहीतरी बिनसलं.” शंभू हा बद्रीनाथच्याच तालुक्यातला, बद्रीनाथनेच अकरा वर्षांपूर्वी या कामावर आणलेला. सात नंबरची प्रेस शंभूची.

पहिले तीन महिने डाय चढली की बद्रीनाथ बावीस पायऱ्या उतरून खाली येत असे. चौथ्या महिन्यात तो दोन वेळा आला नाही, कारण वर बैठक होती. त्या दोन्ही वेळी शंभूने तासभर प्रेस बंद ठेवून त्याची वाट पाहिली. विश्वजीतराव म्हणाले, “तुमचे लोक तुमच्याशिवाय पेडलसुद्धा दाबत नाहीत. याला नेतृत्व म्हणतात की अडवणूक, ते मला एकदा समजावून सांगा.” बद्रीनाथ ओशाळला. आपण ओशाळलो याचेच त्याला पुढे सर्वांत जास्त नवल वाटत राहिले.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. चाकणहून आलेले ग्राहक केबिनमध्ये टेबलाभोवती बसले होते. बद्रीनाथने नवा आकाशी शर्ट घातला होता. बाहीची इस्त्री अजून मोडली नव्हती. फोन वाजला.

“बद्रीभाऊ, सातवर डाय चढली,” शंभू म्हणाला. “येता ना?”

टेबलाभोवतालच्या चौघांनी त्याच्याकडे पाहिले. विश्वजीतरावांनी भुवई किंचित उचलली. ‘तीन नग काढून येतो’ हे वाक्य त्या खोलीत, त्या शर्टात, एकाएकी त्याला खेडवळ वाटले.

“बस तू,” तो म्हणाला. “बघितलंय मी.”

त्याने काही बघितले नव्हते. सकाळी तो सात नंबरच्या प्रेसजवळून गेला होता, एवढेच. काचेतून त्याला दिसले की शंभूने वर पाहिले, मान डोलावली, फोन खिशात ठेवला आणि स्टूल पुढे ओढले. बद्रीनाथने मान वळवून ग्राहकांना पुढचा तक्ता दाखवायला घेतला.

दुसऱ्याच नगाला प्रेसने डबल मारले.

तो खाली पोहोचला तेव्हा मुक्ताईने आपली ओढणी शंभूच्या हाताभोवती आवळून बांधली होती आणि ती मोठमोठ्याने त्याच्याशी बोलत होती, त्याला डोळे मिटू देत नव्हती. शंभू ओरडत नव्हता. उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली होती. रुग्णालयाच्या गाडीत बद्रीनाथ त्याच्या उशाशी बसला, आणि सगळ्या वाटेवर त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता. दुसरा नग. पहिला निघाला होता. दुसऱ्याला ठोका पडला. म्हणजे तो जर खाली आला असता, तर तो हात शंभूचा नसता.

आठवडा गेला. शुक्रवारी कारखाना निरीक्षक येणार होते. गुरुवारी सकाळी विश्वजीतरावांनी बद्रीनाथपुढे एक कागद सरकवला. तो शंभूचा जबाब होता. सही डाव्या हाताची, पहिलीतल्या पोराने केल्यासारखी.

“बद्रीनाथ खरात यांनी नेहमीप्रमाणे क्लचची चावी तपासली व पहिले तीन नग स्वतः काढून दाखवले,” असे त्यात होते. “त्यानंतर मी बसलो. माझे लक्ष नव्हते. मशीनमध्ये दोष नाही.”

बद्रीनाथने तो दोनदा वाचला.

“आम्ही सांगितलेलं नाही हं,” विश्वजीतराव म्हणाले. “त्याने आपण होऊन दिलाय. आमच्या माणसाने फक्त लिहून घेतला. भाग्यवान आहात, खरात. माझ्यासाठी कोणी नखसुद्धा कापून देणार नाही. खाली सही करा.”

“संध्याकाळी करतो.”

“करा सावकाश. निरीक्षक उद्या दहाला येतायत, पंचांग बघून नाही.”

संध्याकाळी तो येरवड्याला गेला. तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या पलीकडे, एका गल्लीच्या टोकाला शंभूची दीड खोली होती. शंभू खाटेवर बसला होता. त्याची नऊ वर्षांची मुलगी राजनंदिनी त्याच्या शर्टाची बटणे लावीत होती. तिने तळापासून सुरुवात केली होती आणि वर एक काज उरले होते.

“चुकलीस गं पुन्हा,” शंभू म्हणाला. “राहू दे. बद्रीभाऊंना पाणी आण.”

ती आत गेली. बद्रीनाथने खिशातून कागद काढून खाटेवर ठेवला.

“हे काय केलंस?”

“बरोबर लिवलंय ना? त्यो लिहिणारा लई घाई करत व्हता.”

“शंभू, मी तीन नग काढले नव्हते.”

“माहीत हाय की. मीच व्हतो ना तिथं.” तो हसला. “बद्रीभाऊ, अकरा वर्षांत तुम्ही किती डायांचे नग काढले असतील? हजार? दीड हजार? एका दिवशी नाय काढले. तेवढ्यापायी कोर्टकचेरी तुमच्या मागं लावू का म्या?”

“तू स्वतःवर घेतलंयस. ‘माझे लक्ष नव्हते’ असं लिहून दिलंयस.”

“बोटं तर गेलीच हायत. माझ्यावर घेतलं काय, अन् तुमच्यावर टाकलं काय, ती उगवणार नायत.” मग त्याचा आवाज खाली आला. “अन् दुसरंबी हाय. उद्या तुम्ही खोटे ठरलात, तर मुक्ताईनं कोणाच्या शब्दावर बसायचं? शिफ्टमधी चाळीस माणसं हायत. मालकाच्या शब्दावर बसतील का ती? भिंतीवरचे नियम वाचून बसतील? तुमचं नाव राहिलं पायजे. ते आमच्या कामाचं हाय.”

व्यवस्थापक झाल्यावर बद्रीनाथला एका तारांकित हॉटेलात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. तिथे अधिकार म्हणजे काय, यावर पडद्यावर पुष्कळ बाण दाखवले होते. त्यांतला एकही बाण खालून वर जाणारा नव्हता. आणि इथे, एका काजाने चुकलेल्या शर्टातला हा माणूस त्याचा अधिकार डाव्या हाताने सावरून धरीत होता. जणू ती बद्रीनाथची मिळकत नव्हतीच. त्या सगळ्यांनी मिळून त्याच्यापाशी ठेवायला दिलेली वस्तू होती.

“मग सात नंबर उद्या चालू होईल,” तो अखेर म्हणाला.

“व्हईल.”

“त्याच चावीवर.”

“चावी बदलतील की.”

“कामून बदलतील? खरातने तपासली, तीन नग नीट निघाले, मशीनमध्ये दोष नाही. तूच लिहून दिलंयस. आणि तुझ्या जागी त्या स्टुलावर कोण बसेल?”

सात नंबरला मुक्ताई बसणार, हे दोघांनाही माहीत होते.

“बरं,” शंभू म्हणाला. “मग असं करा. नग काढले नव्हते, एवढं सांगा. पण चावी बघितली व्हती, ते सांगा. ते तर खरंच हाय ना. बोटाला कळली नसंल झीज. माणूस हाय, चुकतो.”

राजनंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. बद्रीनाथला वाटले, एवढे एक वाक्य आपण गिळले तर काही बिघडत नाही. जगातला दुसरा कोणताही माणूस हे वाक्य तपासू शकत नव्हता. त्याला वाटले आणि त्याच क्षणी हेही वाटले, की केबिनमध्ये फोन हातात होता तेव्हा आपल्याला नेमके असेच वाटले होते.

“बघितली नव्हती,” तो म्हणाला.

शंभू त्याच्याकडे पाहत राहिला.

“फोनवर तर म्हणलात.”

“म्हणालो.”

“‘बघितलंय मी,’ असं म्हणलात.”

“हो.”

“मग... कामून म्हणलात?”

बद्रीनाथपाशी कारण होते. चार ग्राहक, एक भुवई आणि इस्त्रीचा शर्ट. ते कारण त्याने मनात एकदा उच्चारून पाहिले. ते इतके लहान निघाले, की तीन बोटांच्या शेजारी ते मांडायची त्याला लाज वाटली.

“कारण नाही,” तो म्हणाला.

शंभूने बांधलेला हात हळूच मांडीवरून उचलला आणि पाठीमागे नेला. लहान मुले काही लपवतात तसा. एवढा वेळ तो हात त्या दोघांच्या मध्ये, खाटेवर, निःशंकपणे पडून होता.

“म्या हितं पडल्या पडल्या ह्योच इचार करत व्हतो,” तो भिंतीकडे पाहत म्हणाला, “की भाऊंनी बघितलं व्हतं, तरी झालं. म्हणजे नशीब. नशिबाचं काय, ते सोसता येतं.” मग तो मुलीला म्हणाला, “राजू, पाणी दे त्यांना. त्यांना लांब जायचंय. स्वारगेटपतूर जावं लागंल, तिथनं धनकवडीची बस.”

“शंभू...”

“उद्या सांगा काय सांगायचं ते. माझा कागद फाडा. पण मला तिथं बोलवू नका. मला पुन्हा नाय ऐकायचं.”

शुक्रवारी दहा वाजता निरीक्षक आले. ते सात नंबरपाशी उभे राहिले. चाळीस माणसे आपापल्या जागेवर, पण यंत्रे बंद. बद्रीनाथने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले: “मी चावी तपासली नाही. मी नग काढले नाहीत. ‘बघितलंय’ असे मी फोनवर सांगितले. ते खोटे होते. शंभू वाकळे यांचा जबाब मला वाचवण्यासाठी दिलेला आहे. यंत्र उघडून पाहा.”

झाकण काढले. चावीची धार चोखलेल्या खडीसाखरेसारखी गोल झाली होती. निरीक्षकांनी ती पाहिली, त्यांच्या मदतनिसाने छायाचित्र घेतले. मग मुक्ताई आपल्या जागेवरून उठून आली. तिने कोणाला विचारले नाही. तिने त्या चावीवरून बोट फिरवले, एकदा या बाजूने, एकदा त्या. आणि बोट ओढणीला पुसून परत गेली. बद्रीनाथकडे तिने पाहिले नाही.

नऊही प्रेस आठ दिवस बंद राहिल्या. सगळ्यांचे क्लच उघडले. दोन क्रमांकाची आणि पाच क्रमांकाची चावीही बदलावी लागली.

“तुम्हाला काढून टाकायची माझी फार इच्छा आहे,” विश्वजीतराव म्हणाले. “पण आता काढलं तर लोक म्हणतील, खरं बोलला म्हणून काढला. शिवाय या कारखान्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? बसा त्या केबिनमध्ये. हुद्दा तुमचाच आहे. खाली तुमचं कोण ऐकतं, ते मात्र माझ्या हातात नाही.”

शंभू एप्रिलमध्ये परत आला. त्याला भांडारात खिडकीपाशी बसवले. हातमोजे, तेल, चिमटे तो डाव्या हाताने द्यायचा आणि वहीत डाव्या हाताने लिहायचा. बद्रीनाथ खिडकीवरून गेला की तो नीट उभा राही आणि “नमस्कार” म्हणे. पूर्वी तो उभा राहत नसे.

त्या आठवड्यात सात नंबरवर अपघातानंतर पहिल्यांदा डाय चढली. बद्रीनाथला कोणाचा फोन आला नाही. त्याने काचेतून पाहिले. केबिनमध्ये विश्वजीतराव दोन पाहुण्यांना काहीतरी समजावीत होते. “मी खाली जाऊन येतो,” तो म्हणाला, आणि कोणाच्या भुवईकडे न पाहता बावीस पायऱ्या उतरला.

त्याने बाह्या दुमडल्या. झाकण उघडून नव्या चावीवरून बोट फिरवले. धार बोटाला लागली. त्याने पत्र्याचा पहिला तुकडा ठेवला, हात बाहेर घेतला, पेडल दाबले. ठोका पडला, एक. दुसरा. दुसऱ्याला त्याचा हात अंमळ अधिक वेळ आत राहिला. मुद्दाम की चुकून, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. प्रेस एकदाच वाजली.

तिसरा नग काढण्यापूर्वी त्याने मान वर केली. पूर्वी या क्षणी आजूबाजूची यंत्रे आपोआप मंदावत, लोक पाहत. आज आठही प्रेस एका लयीत चालल्या होत्या आणि प्रत्येकजण आपल्या हाताकडे पाहत होता. भांडाराच्या खिडकीत शंभू वहीवर वाकला होता. बद्रीनाथने तिसरा नग काढला. तो घेऊन तो वळला.

मुक्ताई मागे उभी होती. त्याने ऊन नग पुढे केला. तिने तो घेतला, मापाला लावून पाहिला आणि तयार नगांच्या टोपलीत टाकला. नग चांगला होता, तो टाकून देण्याचे काही कारण नव्हते. मग ती पुढे झाली, स्टूल पायाने बाजूला सारले, वाकून स्वतः झाकण उघडले आणि आत बोट घातले.

“मी बघितलंय, मुक्ताबाई,” बद्रीनाथ म्हणाला, आणि ते शब्द तोंडातून सुटताच त्याला कळले.

तिचे बोट आतच थांबले. ती वळली नाही. तिने चाचपणी पुरी केली, झाकण बसवले, दोन्ही स्क्रू आवळले. मग चिमट्यात तुकडा धरून उभ्या उभ्या तिने आपला पहिला नग काढला. दुसरा काढताना तिचा खांदा ताठ झाला होता. तिसऱ्याच्या आधी ती थांबली आणि तिने मान वर केली. बद्रीनाथ अगदी शेजारी होता; तिचे डोळे लाल नव्हते, रागावलेलेही नव्हते. चार वर्षांत तिने त्याच्याकडे इतक्या अदबीने कधी पाहिले नव्हते.

“साहेब,” ती म्हणाली, “जरा सरकता का? उजेड अडतोय.”

तो सरकला.